पबमधून जेवून आल्यावर पोट बिघडलं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रात्री दीड-दोनला पोटात कळ येऊन जाग येते, बाथरूमच्या फेऱ्या सुरू होतात आणि डोक्यात एकच विचार घोळत राहतो, संध्याकाळी पबमध्ये खाल्लेलं ते चिकनच नडलं. हॉटेलं आणि पबच्या किचनमध्ये काम करणाऱ्यांना मी बरीच वर्षं अन्न सुरक्षेचं प्रशिक्षण देते. त्यामुळे अशा रात्रीनंतरचे फोन मला नेहमी येतात. त्यातले पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत. तुम्हाला आत्ता त्रास होत असेल तर पहिले दोन तेवढे वाचा. बाकीचं बरं वाटल्यावर वाचलं तरी चालेल.

उलट्या-जुलाब चालू आहेत. सगळ्यात आधी काय करू?

अंगातलं पाणी आणि क्षार भरून काढा. अशा आजारात माणूस खचतो तो बहुतेक वेळा जंतूमुळे नाही, तर पाणी निघून गेल्यामुळे. उलटी झाली की दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि मग चमच्या-चमच्याने ओआरएस घ्या. तहान लागली म्हणून एकदम ग्लासभर प्यायलात की पोट ते परत फेकतं, आणि मग "काही टिकतच नाही" असं वाटायला लागतं. दर दोन मिनिटांनी एक-एक चमचा मात्र बहुतेकांना टिकतो.

पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवा. चमचा चहाचा, आणि सपाट भरलेला. यातली साखर चवीसाठी नाही. आतड्यात ग्लुकोजच्या सोबतीने सोडियम शोषलं जातं आणि त्यांच्यामागे पाणी जातं. म्हणून नुसतं पाणी पिऊन जे साधत नाही ते यातून साधतं. मीठ अंदाजाने वाढवू नका, लहान मुलांच्या बाबतीत तर मुळीच नाही. पाकीट वापरत असाल तर त्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात अख्खं पाकीट घाला. अर्धं पाकीट ग्लासात ढवळून देणारी माणसं मी पाहिली आहेत. कोल्ड्रिंक आणि पॅकबंद ज्यूस टाळा, त्यातली जास्तीची साखर आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध बंद करू नका.

पोटाला विश्रांती म्हणून उपाशी राहण्याची गरज नाही. भूक लागली की साधं, थोडं थोडं खा.

डॉक्टरकडे लगेच कधी जायचं?

शौचातून रक्त पडत असेल, ताप १०२ फॅरनहाइटच्या वर गेला असेल, घोट-घोट पाणीही टिकत नसेल किंवा जुलाब तीन दिवसांनंतरही थांबत नसतील तर थांबू नका. सात-आठ तास लघवी झाली नसेल किंवा ती अगदी गडद होत असेल, उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तोंडाला कोरड पडली असेल, तर पाणी धोक्याच्या पातळीपर्यंत उतरलं आहे. तान्ह्या बाळाची टाळू खोल गेलेली दिसते आणि रडताना त्याच्या डोळ्यांतून पाणी येत नाही.

एक लक्षण लोक हमखास दुर्लक्षित करतात, म्हणून वेगळं सांगते. पोटापेक्षा मज्जातंतूंचा त्रास, म्हणजे एकाचे दोन दिसणं, पापण्या जड होऊन खाली येणं, जीभ जड होणं, गिळताना अडखळणं, हातापायातली शक्ती जाणं. हा बॉट्युलिझम, म्हणजे अन्नातल्या जंतूच्या विषाने स्नायू लुळे पाडणारा आजार, असू शकतो. तो क्वचित होतो, पण झाला तर श्वासाचे स्नायूही थकतात. थेट आपत्कालीन विभागात जा.

गरोदर बाई, पाच वर्षांखालचं मूल, ६५ च्या पुढचं माणूस, किंवा मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, कर्करोगाचे उपचार अशा कारणांनी प्रतिकारशक्ती कमी झालेलं माणूस असेल, तर वरची लक्षणं दिसेपर्यंत वाट बघू नका. आधीच फोन करा.

आदल्या रात्री पबमध्येच जेवलो होतो. म्हणजे दोष त्यांचाच ना?

असू शकतो. पण इथेच सगळ्यात जास्त चूक होते. आपलं मन शेवटच्या जेवणाला पकडतं, आणि जंतू तर आपापल्या वेळेने चालतात. म्हणून मी प्रत्येकाला पहिला प्रश्न विचारते, जेवलात किती वाजता आणि पहिली उलटी किंवा पहिले जुलाब किती वाजता?

जेवून तास-दोन तासांत भडाभडा उलट्या सुरू झाल्या, तर संशय जातो आधीच तयार झालेल्या विषावर. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू माणसाच्या नाकात आणि हातावरच्या जखमेत राहतो. तो अन्नात वाढून विष सोडतो आणि अर्ध्या तासापासून आठ तासांच्या आत त्याचा परिणाम दिसतो. बाहेर राहिलेल्या भातात वाढणाऱ्या बॅसिलस सेरेयसचं उलटीचं विषही साधारण सहा तासांच्या आत आपलं काम करतं. रात्री नऊला जेवलात आणि पहाटे पोटात मुरडा येऊन पातळ जुलाब सुरू झाले, उलटी मात्र नाही, तर क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्सची शक्यता येते. त्याला सहा ते चोवीस तास लागतात. नोरोव्हायरस १२ ते ४८ तास घेतो. साल्मोनेला सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत कधीही. कॅम्पिलोबॅक्टर, जो कच्च्या राहिलेल्या कोंबडीतून येतो, त्याला सहसा दोन ते पाच दिवस. रक्ताचे जुलाब करणाऱ्या ई. कोलायला तीन-चार दिवस. लिस्टेरियाला काही वेळा कित्येक आठवडे, आणि हिपॅटायटिस ए ला सरासरी २८ दिवस.

आता हे उलटं लावून बघा. शनिवारी रात्री पबमध्ये चिकन खाल्लं आणि रविवारी पहाटे त्रास सुरू झाला, तर त्या चिकनमधल्या कॅम्पिलोबॅक्टरवर बोट ठेवता येत नाही, वेळच जुळत नाही. तो जंतू असेलच तर बुधवार-गुरुवारच्या जेवणातून आला असेल, आणि ते जेवण कदाचित तुमच्याच घरातलं असेल. म्हणून फक्त पबचं नाही, मागच्या निदान तीन दिवसांचं खाणंपिणं आठवून लिहा. शौचातून रक्त असेल तर आठवडाभराचं.

हा हँगओव्हर नाही कशावरून?

मळमळ, डोकेदुखी, उलटी दोन्हीत असते. पण हँगओव्हरमध्ये ताप येत नाही, पाण्यासारखे वारंवार जुलाब सहसा होत नाहीत आणि चोवीस तासांच्या आत उतार पडतो. ताप, मुरडा, पंधरा-वीस मिनिटांनी बाथरूम, असं असेल किंवा न पिणारा मित्रही तुमच्याबरोबर आजारी असेल, तर तो हँगओव्हर नाही.

दारूच्या संदर्भात दोन गोष्टी मात्र गंभीर आहेत. वरच्या पोटात असह्य दुखून ते पाठीत जात असेल तर स्वादुपिंडाला सूज असू शकते. आणि प्यायल्यावर बारा-चोवीस तासांनी नजर धूसर होऊ लागली, धुक्यातून किंवा बर्फातून बघतोय असं वाटलं, तर दारूत मिथेनॉल या विषारी अल्कोहोलची भेसळ असू शकते. त्यात डोळे जातात, जीवही जातो. घरी थांबायचंच नाही.

बीअरने किंवा दारूच्या पेगने पोटातले जंतू मरत नाहीत का?

नाही. पोटात गेल्यावर ती इतकी पातळ होते की तिच्यावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर कॉलरा पसरला तेव्हा तिथल्या बीअरच्या कारखान्यातले सत्तरहून अधिक कामगार जवळजवळ सुखरूप राहिले, आणि ती गोष्ट अजून सांगितली जाते. पण जॉन स्नो या डॉक्टरने घरोघरी चौकशी करून शोधलं होतं त्याप्रमाणे खरं कारण रस्त्यावरचा हातपंप होता. कामगारांना प्यायला बीअर मिळायची आणि कारखान्याला स्वतःची विहीर होती, त्यामुळे त्या पंपाचं पाणी त्यांच्या पोटात गेलंच नाही.

पबमध्ये लक्ष ठेवायचं तर ग्लासातल्या बर्फावर आणि कडेला खोचलेल्या लिंबाच्या फोडीवर ठेवा. बर्फ हेही अन्नच आहे. तो हाताने उचलून टाकताना दिसला तर बिनबर्फाचं मागा.

सहा जणांनी तेच खाल्लं, मग मी एकटाच का पडलो?

कारण "तेच" कधीच अगदी तेच नसतं. तुमच्या वाट्याला पातेल्याच्या मधला भाग आला असेल, तुम्ही सॅलड जास्त घेतलं असेल, तुम्ही आम्लपित्ताच्या गोळ्या घेत असाल आणि त्यामुळे पोटातलं आम्ल, म्हणजे जंतूंना अडवणारी पहिली भिंत, कमी झाली असेल. एकटे आजारी असाल तर पबचा दोष नाही असं सिद्ध होत नाही, आणि आहे असंही नाही. मात्र एकत्र जेवलेल्या दोघा-तिघांना एकाच सुमारास तोच त्रास झाला, तर संशयाला खरं वजन येतं. म्हणून बरोबरच्या सगळ्यांना फोन करा, बरे असलेल्यांनाही. त्यांनी काय खाल्लं नाही हेही तितकंच उपयोगी.

अन्न वाफाळतं होतं, चवही उत्तम होती. तरी बाधा कशी?

किचनमधलं एक दृश्य सांगते. रात्री काम संपल्यावर ग्रेव्हीचं मोठं पातेलं झाकण लावून जसंच्या तसं मोठ्या फ्रिजमध्ये ढकललं होतं. सकाळी आठला बाहेरून हात लावला तर गार. थर्मामीटरची सळई मधोमध खुपसली, आकडा चढत गेला आणि ३४ अंश सेल्सिअसवर थांबला. आचारी माझ्याकडे बघत राहिला. रात्रभर फ्रिजमध्ये असलेलं ते पातेलं आतून अंगाइतकं कोमट होतं.

पाच ते साठ अंशांच्या मधला पट्टा म्हणजे जंतूंची चंगळ. परफ्रिन्जेन्सला हवं तसं तापमान मिळालं तर तो दर दहा मिनिटांनी दुप्पट होतो. त्याचे बीजाणू, म्हणजे कवचातली झोपलेली रूपं, उकळीतही तगतात आणि ग्रेव्ही निवायला लागली की जागे होतात. म्हणून शिजवलेलं अन्न पहिल्या दोन तासांत २१ अंशांपर्यंत आणि पुढच्या चार तासांत ५ अंशांपर्यंत उतरलं पाहिजे, असा नियम मी शिकवते. उपाय साधा आहे, उथळ ट्रेमध्ये ओतून बर्फाच्या पाण्यात ठेवायचं. पण रात्री साडेबाराला, दमलेल्या माणसाला तेवढंच नको असतं.

परत गरम केल्याने सगळं शुद्ध होतं ही समजूतही सोडून द्या. जंतू मरतात, पण स्टॅफिलोकोकसचं आणि भातातल्या बॅसिलसचं विष उकळीला दाद देत नाही. वास, रंग आणि चव यांवरूनही काही कळत नाही. अन्न आंबवणारे जंतू वेगळे आणि आजार देणारे वेगळे.

स्टेक आतून गुलाबी चालतं, मग बर्गर का नाही?

अख्ख्या तुकड्यात जंतू बहुतेक करून पृष्ठभागावर असतात आणि तव्यावर तेच भाजलं जातं. खिमा करताना तो पृष्ठभाग आत मिसळतो, म्हणून खिम्याचा बर्गर मध्यापर्यंत शिजलाच पाहिजे. कोंबडीला तर ही सूट नाहीच. ७४ अंश गाठायलाच हवेत.

मी शाकाहारी आहे. मला हा धोका कमी ना?

थोडा कमी असेल, पण निश्चिंत राहण्याइतका नाही. कच्चं सॅलड, थंड झालेला भात, मोड आलेली कडधान्यं, ज्या फळीवर मांस कापलं त्याच फळीवर चिरलेली काकडी, हे सगळं तुमच्या ताटात येतं. आणि राजमा. नीट न उकळलेल्या राजम्यात एक नैसर्गिक विष असतं, चार-पाच कच्चट दाण्यांनीही एक ते तीन तासांत जोरदार उलट्या होतात. मंद आचेच्या भांड्यात तासन् तास ठेवलेला राजमा मऊ होतो, पण ते विष जायला खळखळती उकळीच लागते.

जुलाब थांबवायची गोळी घेऊ का? अँटिबायोटिक?

ताप किंवा रक्त असेल तर जुलाब थांबवणारी गोळी घेऊ नका, लहान मुलांना तर देऊच नका. ई. कोलायच्या विष सोडणाऱ्या प्रकारात अशा गोळ्या आणि काही अँटिबायोटिक्स यांनी मूत्रपिंडं निकामी होण्याचा धोका वाढू शकतो. बहुतेक विषबाधा अँटिबायोटिकशिवायच बऱ्या होतात, आणि नोरोव्हायरसवर तर त्याचा उपयोगच नाही. घरात उरलेली मागच्या आजारातली पट्टी उघडू नका. पोटदुखीवर आयब्युप्रोफेनसारखी गोळीही नको, अंगात पाणी कमी असताना ती मूत्रपिंडाला त्रास देते. डॉक्टरांनी मेट्रोनिडॅझोल हे अँटिबायोटिक दिलं तर ते संपून दोन दिवस होईपर्यंत दारूला हात लावू नका.

मुलांना ओआरएसच्या जोडीला झिंक देतात, दहा ते चौदा दिवस. मात्रा डॉक्टरांना विचारा.

तपासणी करून घ्यावी का?

साध्या, एक-दोन दिवसांत आटोपणाऱ्या त्रासात गरज नसते. पण तक्रार करायची असेल, रक्त असेल किंवा अनेक जण आजारी असतील तर शौचाचा नमुना द्या, आणि जमल्यास अँटिबायोटिक सुरू होण्याआधी द्या. पबच्या जेवणाचा आणि तुमच्या आजाराचा संबंध जोडणारा सगळ्यात भक्कम धागा तोच असतो. कल्चरच्या, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून बघण्याच्या, अहवालाला दोन-तीन दिवस लागतात.

पुरावा म्हणून काय जपून ठेवू?

बिल, ऑनलाइन पैसे भरल्याचा मेसेज, टेबलावरचे फोटो. फोटो हसण्यावारी नेऊ नका. २०११ च्या मे महिन्यात जर्मनीत ई. कोलायची मोठी साथ आली. तीत साडेतीन हजारांहून जास्त लोक आजारी पडले आणि पन्नासहून अधिक दगावले. सुरुवातीला स्पेनहून आलेल्या काकड्यांवर आळ आला, तिथल्या शेतकऱ्यांचं अतोनात नुकसान झालं, आणि काकड्या निर्दोष निघाल्या. खरं कारण होतं मोड आलेली मेथी. सॅलडवर भुरभुरलेले ते मोड आजाऱ्यांपैकी बहुतेकांच्या लक्षातच नव्हते. मग तपास करणाऱ्यांनी एका रेस्टॉरंटमध्ये जेवलेल्या गटांच्या ऑर्डरी, बिलं आणि फोटो गोळा केले, आचाऱ्याला प्रत्येक पदार्थात काय काय घालतो ते विचारलं, आणि मोडांपर्यंत पोचले. माणसाला आठवत नाही ते बिलावर आणि फोटोत असतं.

घरी बांधून आणलेलं उरलं असेल तर बंद डब्यात, नाव-तारीख लिहून फ्रिजमध्ये ठेवा. फ्रीझरमध्ये नको, गोठवल्याने काही जंतू मरतात आणि तपासणीत सापडत नाहीत. डब्यावर "खाऊ नये" असं मोठ्या अक्षरांत लिहा. घरातल्या कुणीतरी नकळत खाल्लं, असं घडलेलं मला माहीत आहे.

पबला सांगू का? तक्रार कुठे करायची? रिव्ह्यू टाकू?

पबला नक्की सांगा, आणि लवकर. ते पातेलं कदाचित अजून तिथेच असेल आणि आज रात्री दुसऱ्या कुणाच्या ताटात जाईल. भांडण न करता मॅनेजरला सांगा, "अमुक तारखेला, अमुक वाजता आम्ही इतके जण जेवलो, हे हे मागवलं, इतक्या जणांना इतक्या तासांनी हा त्रास झाला." चांगला मॅनेजर ते लिहून घेतो आणि आणखी कुणाची तक्रार आहे का ते बघतो. फक्त "पुढच्या वेळी जेवण आमच्याकडून" एवढंच उत्तर आलं, तर त्यावर विषय मिटवू नका.

त्याच दिवशी आपल्या भागातल्या अन्न सुरक्षा किंवा सार्वजनिक आरोग्य विभागाकडे लेखी तक्रार द्या. तुमची एकट्याची तक्रार कदाचित कागदावरच राहील. पण त्याच आठवड्यात त्याच जागेची दुसरी आणि तिसरी तक्रार आली की त्यातून साथ दिसायला लागते, आणि निरीक्षक किचनमध्ये पोचतो. नुकसानभरपाई हवी असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी, अहवाल आणि बुडालेल्या दिवसांचे कागद लागतील.

रिव्ह्यूत घडलं तेवढंच लिहा. "जेवल्यावर चार तासांनी आम्हा तिघांना उलट्या झाल्या" हे तुम्ही ठामपणे सांगू शकता. "इथे विष वाढतात" हे तुम्हाला माहीत नाही. त्या किचनमध्ये प्रामाणिकपणे काम करणारी माणसंही असतात, आणि जर्मनीतल्या काकड्यांसारखी चूक छोट्या जागेला कायमची बुडवू शकते.

घरातल्यांना लागण होईल का? कामावर कधी जाऊ?

नोरोव्हायरस असेल तर होईल, आणि झपाट्याने. हात साबणाने वीस सेकंद धुवा, सॅनिटायझर या विषाणूवर फारसं चालत नाही. उलटी पडलेली जागा क्लोरीनच्या ब्लीचने पुसा, टॉवेल वेगळा ठेवा, इतरांसाठी स्वयंपाक करू नका. शेवटची उलटी किंवा शेवटचे जुलाब होऊन ४८ तास उलटल्याशिवाय कामावर जाऊ नका किंवा मुलांना शाळेत पाठवू नका. तुम्ही स्वतः किचनमध्ये काम करत असाल तर कळकळीने सांगते, एका दिवसाच्या पगारासाठी जाऊ नका. ज्या पबमध्ये माणूस "पोट बिघडलंय" म्हणाला की त्याला रजा मिळते, तिथे जेवायला मी निर्धास्त जाते.

पंधरा दिवस झाले तरी पोट ठिकाणावर नाही. काय असेल?

काही दिवस दूध न पचणं नेहमीचं आहे, आतड्याचं अस्तर भरून आलं की जातं. साधारण दहांतल्या एकाला नंतर काही महिने पोट चंचल राहण्याचा त्रास होतो. वजन उतरत असेल, रक्त दिसत असेल किंवा पायांत मुंग्या येऊन अशक्तपणा वर चढत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा. शेवटचं लक्षण कॅम्पिलोबॅक्टरनंतर क्वचित येणाऱ्या गियाँ-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचं असू शकतं, आणि त्यात दिवस मोजत बसायचं नसतं.

फ्रिजमधला तो डबा कधी फेकू?

तक्रार दिलेल्या विभागाला आधी विचारा. नमुना नको असं ते म्हणाले की डबा न उघडता दोन पिशव्यांत घालून कचऱ्यात टाका. तो ठेवलेला कप्पा पुसून घ्या आणि हात धुवा.